दरबारातून तिकिटावर

मराठी रंगभूमी दिन 5 नोव्हेंबरला असतो. सांगलीत त्या दिवशी विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं, गावोगावच्या नाट्यगृहांत रंगमंचाची पूजा होते, नारळ फुटतो. 1843 साली त्याच तारखेला सांगलीच्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ झालं, त्याची ही आठवण. ती जपायलाच हवी. पण त्या संध्याकाळी नाटकाला पोटाची चिंता नव्हती. ते राजाच्या इच्छेने उभं राहिलं, राजाच्या खर्चाने सजलं आणि राजाच्या निमंत्रितांसमोर झालं. नाटक चाललं नसतं, तरी दुसऱ्या दिवशी कुणाची चूल विझणार नव्हती.

नाटक हा धंदा झाला तो दिवस दुसरा. 9 मार्च 1853, बुधवार, स्थळ मुंबईचं ग्रँट रोड थिएटर. सांगलीहून आलेल्या मंडळींनी तिथे ‘इंद्रजितवध’ केलं. आदल्या दिवशी ‘बॉम्बे टाइम्स’मध्ये जाहिरात आली होती. ज्याला पाहायचं असेल त्याने पैसे मोजावेत आणि आत यावं. ना आमंत्रण, ना मानपान, ना राजाची परवानगी. आज नाट्यगृहाच्या दारात रांग लावणाऱ्या प्रत्येकाचं नातं मला राजवाड्यापेक्षा या थिएटरशी जवळचं वाटतं. म्हणून हा दिवस आणि त्याच्या मागची दहा वर्षं नीट पाहायला हवीत.

सुरुवात सांगलीतूनच करावी लागते. सांगली संस्थानचे पहिले अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन हे पेशवाईच्या शेवटच्या काळात लढायांत वाढलेले सरदार. मिरजेच्या पटवर्धनांपासून वेगळे होऊन कृष्णाकाठी त्यांनी नवं गाव वसवलं, गणेशदुर्ग बांधला, गणपतीचं देऊळ उभं केलं. पुढे तलवारीला काम उरलं नाही. पेशवाई बुडाली होती, कंपनी सरकारशी करार झाले होते, आणि अशा सरदाराची उमेद मग गवई, कीर्तनकार, शास्त्री यांच्याकडे वळली. 1842 च्या सुमारास कर्नाटकातून, कारवारच्या बाजूने, भागवत मंडळी सांगलीत आली. त्यांचे खेळ राजाने पाहिले. कथा रामायण-महाभारतातल्या, सोंगं भडक, नाच खूप. राजाला कल्पना आवडली, पण रीत रांगडी वाटली. हेच आपल्या भाषेत, जरा नेटकं करता येणार नाही का, असं त्याच्या मनात आलं.

हे काम ज्याच्यावर सोपवलं तो विष्णु अमृत भावे तेव्हा विशी ओलांडलेला, संस्थानच्या चाकरीतल्या घरातला मुलगा. शाळेत फारसं मन न रमलेला, पण हाताने कुशल. लाकडाच्या बाहुल्या कोरायच्या, त्या नाचवायच्या, पदं रचायची, गोष्टी रंगवून सांगायच्या. घरच्यांच्या दृष्टीने हे उनाडपणाचं लक्षण असणार. राजाला मात्र त्यात नेमकी हवी ती वस्तू दिसली. नाटक लिहायला पंडित न बोलावता बाहुल्या करणारा मुलगा बोलावणं, ही चिंतामणरावांची पारख मला फार मोठी वाटते. पंडिताने संस्कृत नाटकाचं भाषांतर केलं असतं. या मुलाने खेळ उभा केला.

तो खेळ कसा होता, हे थोडं जवळून पाहू. कारण दहा वर्षांनी मुंबईने पैसे मोजून पाहिला तो साच्याने हाच. पडद्यापुढे सूत्रधार आणि त्याचे साथीदार झांजा, मृदंग घेऊन उभे राहत. मंगलाचरण होई. मग विदूषक उड्या मारत, नाचत येई, अंगावर वनचराचा वेश. सूत्रधार त्याला विचारी, तू कोण, कुठला. तो भलतीच उत्तरं देई आणि प्रेक्षक हसून सैल होत. मग गणपतीचं आवाहन. सोंडेचा मुखवटा लावलेला गणपती येऊन विघ्न दूर करण्याचं वचन देई. त्याच्यामागून मोरावर बसलेली सरस्वती नाचत येई. हे सगळं झालं की खरं आख्यान लागे. कथा पुढे नेण्याचं काम सूत्रधाराचं. तो पदं म्हणे आणि पात्रं त्या पदांवर हावभाव करत. पदं संपली की पात्रं आपल्या मनाने बोलत. गद्य भाषणं लिहिलेली नव्हती. प्रसंग ठाऊक, कथा ठाऊक, पुढचं नटाच्या जिभेवर. देवांची बैठक म्हणजे देवकचेरी, राक्षसांची ती राक्षसकचेरी. राक्षस आला की आरोळ्या, तलवारी, थयथयाट. पुढच्या पिढीने या नाटकांना ‘अललडुर्र’ आणि ‘तागडथोम’ अशी नावं ठेवली ती याच आरोळ्यांवरून आणि मृदंगाच्या बोलांवरून.

ती नावं हेटाळणीची होती, हे मला बरं वाटत नाही. इंग्रजी शिकलेल्या पिढीला कालिदास आणि शेक्सपिअर हवे होते, ते त्यांनी आणले, छानच झालं. पण लिहून दिलेला शब्द नसताना रात्रभर प्रेक्षक धरून ठेवणारा नट हा कच्चा नट नव्हे. लळितात, दशावतारात, कीर्तनात जे कौशल्य शतकानुशतकं मुरलं होतं ते भाव्यांनी एका जागी बांधलं. त्यांनी केलं ते एवढंच, आणि ते पुष्कळ होतं.

राजवाड्यातल्या त्या पहिल्या प्रयोगानंतर एक पेच उभा राहिला. तोंडाला रंग लावून सोंगं घेणारी ब्राह्मणाची मुलं पंक्तीत कशी बसवायची, असा आक्षेप निघाला. चिंतामणरावांनी आपलं वजन मंडळींच्या बाजूने टाकलं आणि तो मिटवला. तेव्हा कुणाला ते मोठं वाटलं नसेल, पण राजा पाठीशी असण्याचा अर्थ त्यातून कळतो. पैशाची बाजू तर होतीच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे राजा होता तोवर नटाला गावात तोंड दाखवता येत होतं.

15 जुलै 1851 ला चिंतामणराव गेले. गादीवर आलेले धुंडिराज ऊर्फ तात्यासाहेब अजून अज्ञान, त्यामुळे कारभार कारभाऱ्यांच्या हाती. कारभाऱ्यांना हिशेब कळतो, हौस कळत नाही. नाटकाचा आश्रय सुटला, आधी मिळालेली वचनं हवेत राहिली. भाव्यांजवळ उरलं काय? पदांची वही, कपड्यांचे आणि मुखवट्यांचे पेटारे, आणि शिकवून तयार केलेली माणसं. ही माणसंच खरी अडचण होती आणि खरी मिळकतही. आठ वर्षं ज्यांनी फक्त नाटकच केलं त्यांना आता दुसरं काम कोण देणार? मंडळी म्हणजे एव्हाना एक एकत्र कुटुंब झालं होतं. भाव्यांनी ते मोडलं नाही. बैलगाड्या जुंपल्या आणि बाहेर पडले.

त्या काळी सांगलीहून मुंबई गाठायची तर वाट सातारा, पुणे, बोरघाट, पनवेल अशी, आणि शेवटी पाण्यावरून. रेल्वे नव्हती. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली 16 एप्रिल 1853 ला, म्हणजे ग्रँट रोडच्या प्रयोगानंतर पाच आठवड्यांनी. या वाटेवरचं सातारा तेव्हा कसं होतं, हे आठवलं की मंडळींची स्थिती अधिक कळते. 1839 साली छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला धाडलं. तिथेच ते 1847 मध्ये वारले. त्यांच्या जागी बसवलेले शहाजी ऊर्फ आप्पासाहेब 1848 मध्ये गेले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. शिवाजी महाराजांच्या वंशाची साताऱ्याची गादी कंपनीच्या एका ठरावाने संपली. एका गावचा राजा अज्ञान, दुसऱ्या गावचा राजा नाहीच. पुण्याची पेशवाई तर केव्हाच गेलेली. दरबार शोधत फिरणाऱ्या कलावंताला या सबंध पट्ट्यात आता भरवशाचा दरबार उरला नव्हता. उरली होती ती माणसं: पेठेतले व्यापारी, कचेरीतले कारकून, शाळेतले पंतोजी, आणि मुंबईत नव्याने शिकलेले, नव्याने पैसा मिळवलेले लोक. भाव्यांनी प्रेक्षक शोधला तो या माणसांत.

मुंबईत आल्याबरोबर थिएटर मिळालं असं नव्हे. आधी गिरगावच्या बाजूला वाड्यात, मांडवात प्रयोग झाले. बोलबाला झाला. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड अशा वजनदार मंडळींचं लक्ष गेलं. ग्रँट रोडचं थिएटर उभं होतं तेच मुळी नानांनी दिलेल्या जागेवर. कोटातलं जुनं इंग्रजी नाटकघर विकलं गेल्यानंतर 1846 मध्ये हे नवं उघडलं. इंग्रज हौशी मंडळी तिथे विलायती नाटकं करत. बसायला ऐपतीप्रमाणे वेगवेगळ्या जागा, वर गॅलरी, पुढे पडदा, रंगवलेले देखावे. कृष्णाकाठच्या मंडळींनी असा रंगमंच आधी पाहिलेला नव्हता. राजवाड्यात प्रेक्षक तीन बाजूंनी दाटीने बसत; इथे सगळे समोर आणि लांब.

हा बदल दिसायला किरकोळ, पण नटाला तो सगळं नव्याने शिकायला लावतो. समोरच्या गर्दीत पारशी आहेत, गुजराती शेट आहेत, साहेब आणि त्यांच्या मडमा आहेत. सगळ्यांना मराठी पदं कळणार नाहीत. त्यांच्यापुढे काय न्यायचं? भाव्यांनी निवडलं ‘इंद्रजितवध’. मला ही निवड हिशेबाची वाटते. सीतास्वयंवरात गोडवा आहे, पण लढाई नाही. इंद्रजिताच्या कथेत सगळं आहे. रावणाचा तो मुलगा मायावी, अदृश्य राहून बाण सोडणारा. लक्ष्मणाशी त्याचं युद्ध, मग त्याचा शेवट. आणि त्यानंतर आपल्याकडे घरोघर सांगितली जाणारी सुलोचनेची कथा: नवऱ्याचा तुटलेला हात तिच्या अंगणात येऊन पडतो, आपल्या मरणाची वार्ता स्वतः लिहून दाखवतो, ती रामाकडे जाऊन शिर मागते आणि सती जाते. भाषा कळली नाही तरी तलवारी, मायावी राक्षस आणि विधवा राणीचा आकांत कळतोच. कुठल्या गावात काय लावायचं याचा अंदाज ज्याला असतो तोच कंपनी चालवू शकतो. भाव्यांना तो होता, आणि तो त्यांनी राजाच्या पदरी राहून नव्हे, गाडीवाटेने फिरून मिळवला होता.

प्रयोगाची जाहिरात इंग्रजी वर्तमानपत्रात दिली, ही मोठीच झेप म्हणायची. पेठेत दवंडी पिटवणं मराठी माणसाला ठाऊक होतं. छापील अक्षरांत आपल्या खेळाचं नाव, वेळ आणि दर सांगणं, आणि ते वाचून अनोळखी माणूस पैसे घेऊन दारात येईल असा भरवसा धरणं, हे नवं होतं. रामलक्ष्मणाचं सोंग पाहायला पैसे का मोजायचे, असं वाटणारे लोकही असतील. कीर्तनाला कुणी तिकीट लावत नाही. आरतीच्या ताटात जे पडेल ते. देवाची कथा दर ठरवून सांगणं हे त्या पिढीच्या मनाला सहज पटणारं नव्हतं. तरी लोक आले आणि प्रयोग होत राहिले. मंडळींच्या पोटाला मिळालं.

यातून पुढे काय झालं ते त्याच वर्षात दिसतं. सांगलीकरांचे खेळ पाहून मुंबईच्या पारशी तरुणांच्या मनाने घेतलं आणि 29 ऑक्टोबर 1853 ला पारशी नाटक मंडळीने याच ग्रँट रोड थिएटरात रुस्तम आणि सोहराबची कथा उभी केली. या मंडळीला सल्ला देणाऱ्यांत दादाभाई नौरोजी होते आणि आपले भाऊ दाजीही. पारशी रंगभूमी पुढे लाहोरपासून रंगूनपर्यंत फिरली, तिच्या तालमीतले नट आणि लेखक मुंबईच्या बोलपटांत आले. या एवढ्या मोठ्या प्रवाहाच्या उगमाजवळ सांगलीचा एक बाहुल्या करणारा माणूस उभा आहे, हे आपण सांगलीकरांनी आणि सातारकरांनी अभिमानाने सांगायला हवं. पारशांचा खेळ झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात भाव्यांनी तिथे ‘राजा गोपीचंद’ हिंदीत करून दाखवलं. मराठी न कळणारा प्रेक्षकही आपला करून घ्यायचा, ही त्यांची जिद्द. मुंबईत हिंदी नाटकाचा इतिहास सांगणारे आजही इथूनच सुरुवात करतात.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भाव्यांच्या आधीही मराठी नाटकं लिहिली गेली होती. तंजावरच्या भोसले राजांनी ती सतराव्या शतकाच्या अखेरीपासून रचली. आणि भाव्यांच्याच काळात, 1855 साली, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं, शेतकरी कुटुंबाला भिक्षुकशाही कशी नागवते ते दाखवणारं. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं. फुल्यांचं नाटक देवादिकांना सोडून गावातल्या माणसाकडे आलं होतं, पण त्याला रंगमंच मिळाला नाही. त्याच सुमारास राक्षसकचेरी ग्रँट रोडला चालत होती. तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाने नटाला राजापासून मोकळं केलं, पण कोणती कथा रंगमंचावर यायची हे ठरवणारे लोक तसे थोडेच होते. या दिवसाचं कौतुक करताना ही उणीव लपवून चालणार नाही.

भाव्यांच्या वाटेने मंडळ्या झपाट्याने निघाल्या. आळतेकर, इचलकरंजीकर, कोल्हापूरकर, पुणेकर: नावंच पाहा, प्रत्येक मंडळी आपलं गाव नावात घेऊन फिरते. त्यांतल्या कित्येकांनी भाव्यांची पदं आणि साचाच उचलला. स्वामित्वहक्क वगैरे कुणाला ठाऊक नव्हतं. ज्याने वाट पाडली त्याच्याच कमाईवर वाटेकरी वाढत गेले. 1860 नंतर थोड्याच काळात भावे मंडळीतून बाजूला झाले आणि सांगलीला परतले. त्यांचं वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. एवढ्या वयात आपणच सुरू केलेला धंदा सोडून गावी येऊन बसणं सोपं गेलं नसणार. 1885 साली ‘नाट्यकवितासंग्रह’ छापून त्यांनी आपली आख्यानं एकत्र केली. पदांचं कर्तेपण तरी नावावर राहावं, एवढी व्यवस्था त्यांनी स्वतःच केली. बाहुल्यांचा नाद मात्र सुटला नाही. त्यांच्या हातच्या लाकडी बाहुल्या मागे राहिल्या, आणि शतकाहून अधिक काळानंतर शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा प्रेक्षकांपुढे आणल्या.

त्यांच्या डोळ्यांदेखत नाटक बदललं. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. सूत्रधाराऐवजी पात्रं स्वतः गाऊ लागली. साताऱ्याचं जुनं नाव धारण करणारी शाहूनगरवासी नाटक मंडळी निघाली. तिच्यात गणपतराव जोशी उभे राहिले आणि आगरकरांनी मराठीत आणलेला हॅम्लेट त्यांनी असा केला की पिढ्या त्याचं नाव घेत राहिल्या. ज्या साताऱ्याची गादी 1848 मध्ये बुडाली त्याचं नाव एका तिकीट लावणाऱ्या कंपनीने गावोगाव नेलं. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल ‘शारदा’ लिहून बालाजरठ विवाहावर बोट ठेवत होते. 1899 मध्ये ते रंगमंचावर आलं. सांगलीतच जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर लेखणी परजत होते.

9 ऑगस्ट 1901 ला विष्णुदास भावे सांगलीत वारले. 1943 मध्ये सांगलीने ‘सीतास्वयंवर’ची शताब्दी थाटाने साजरी केली, नाट्यसंमेलन भरवलं, अध्यक्ष स्वातंत्र्यवीर सावरकर होते. पुढे भाव्यांच्या नावाचं नाट्यमंदिर झालं, गौरवपदक सुरू झालं, पहिलं बालगंधर्वांना मिळालं. पण 1953 मध्ये ग्रँट रोडच्या प्रयोगाला शंभर वर्षं झाली तेव्हा त्याचा तसा सोहळा झाला नाही, आणि आजही 9 मार्च हा आपल्या कॅलेंडरावर साधा दिवस आहे. त्या दिवशी सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात एक प्रयोग व्हावा, आणि साताऱ्यालाही व्हावा, तिकीट लावून, कुणालाही पास न देता.